काळ्या दोऱ्याच्या गाठी

पूनमला पहिल्यांदा धडधडलं ते भादव्यात, मेंढरं धुवायला ओढ्यावर नेली तेव्हा. कातरायच्या आधी मेंढरं धुवावी लागतात. कमरेइतक्या पाण्यात उभं राहायचं, एकेक मेंढरू धरायचं, चोळायचं आणि पलीकडं ढकलायचं. पन्नासावं मेंढरू ढकललं आणि तिच्या छातीत एकदम काहीतरी सुटलं. दावं तोडून जनावर सुटावं तसं. ती काठावर येऊन बसली. ओलं लुगडं मांड्यांना चिकटलेलं, ओठ पांढरे, आणि गळ्याजवळची शीर लांबूनही दिसेल अशी उडत होती.

दिसली मात्र कुणालाच नाही. तिचा नवरा धुळा काठावर बाभळीखाली काठीवर हनुवटी टेकवून उभा होता. मेंढरं धुऊन झाली की बस की निवांत, असं तो म्हणाला. धडधड आली तशी अचानक थांबली आणि पूनमनं उरलेली मेंढरं धुतली.

सांगोला आणि मंगळवेढा या दोन तालुक्यांच्या मधल्या कोरड्या माळावर वीसेक घरांची ही वाडी. धुळाच्या घरात चार माणसं. त्याची विधवा आई मायाक्का, तो, पूनम आणि सहा वर्षांची आरोही. मेंढरं सव्वाशे. दिवाळी झाली की वाडीतले कळप पुण्याच्या अंगाला निघायचे ते मृगाच्या पावसालाच परत. बाप्या माणसानं काठी खांद्यावर टाकून पुढं चालायचं. बायकांनी रोज संसार घोडीवर बांधायचा, रोज उतरवायचा, पाणी शोधायचं, भाकरी थापायच्या, व्यालेल्या मेंढीचं कोकरू काखेत घेऊन दहा-बारा मैल चालायचं. एवढं करून कुणी विचारलं तर मेंढरं कोण राखतो, तर धुळा राखतो.

महिन्याभरात पूनमला आणखी चार-पाच वेळा तसं झालं. वाडीला औषधपाणी देता येत नाही, पण मत देता येतं. कुणी म्हणालं दिवस गेले असतील. कुणी म्हणालं मिश्री सोड, कुणी म्हणालं दृष्ट काढ, एकीनं तर देवाचं वारं म्हणून तिच्या पायावर पाणी घातलं. मायाक्कानं काही घातलं नाही, पण चुलीपुढं बसून ती शेजारणीला ऐकू जाईल असं बोलली की निघायचे दिवस जवळ आले की सुनांना दरसाल काहीतरी होतंच. पूनम ऐकून परातीतलं पीठ मळत राहिली. तेवढ्यात आरोही म्हणाली, "आज्जे, माझ्या पण छातीत कवा कवा ससा पळतोय." धुळा पोट धरून हसला. आईचं बघून लेक पण नाटक शिकली, म्हणाला. सगळेच हसले, पूनमसुद्धा.

शेवटी एकदा वैरणीचा भारा घेऊन येताना तिला वाटेत अंधारी आली आणि भारा टाकून ती खाली बसली. मग धुळानं तिला मोटरसायकलवरून बाजाराच्या गावातल्या डॉक्टरकडं नेलं. तिथं पाऊण तास बाकावर बसावं लागलं. तोवर धडधड कधीच निवली होती. डॉक्टरनं छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, ती लांब धरून पाहिली आणि धुळाला दाखवली. पूनम पलंगावर पदर सावरत होती, तिला कुणी दाखवली नाही. एकदम नॉर्मल, डॉक्टर म्हणाला. मग त्यानं किती वेळ होतं ते विचारलं. लई येळ, पूनम म्हणाली. लई वेळ म्हणजे दोन मिनिटं की दोन तास, असं विचारून तो कंपाउंडरकडं बघून हसला. काय करत असताना होतं, तर ती काम म्हणाली. काम काय सगळेच करतात, तो म्हणाला.

"साहेब, माजा भाऊ..." पूनमनं सुरुवात केली.

डॉक्टरनं पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं होतं. गॅसची गोळी, ताकदीची गोळी, आणि धुळाला सल्ला की बाईला टेन्शन दिसतंय, घरात सासूशी पटत नसेल तर बघा. म्हणजे बाईच्या छातीत काय होतंय हे बाई सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. परतताना धुळा रस्ताभर एकच बोलत होता, की कागदावर काही निघालं नाही. वाडीत शिरल्यावर त्यानं गाडीवरूनच चार घरांना ओरडून तेच सांगितलं. त्या दिवसापासून पूनम खाली बसली की बायका तोंडाला पदर लावायच्या.

दसरा झाला. एका दुपारी मेंढरं शेजारच्या तुरीत शिरली. धुळा पारावर बसला होता. रानाचा मालक आईबहिणीवरून शिव्या देत आला, तशी पूनम हातातलं टाकून पळत सुटली. बांधापर्यंत पळाली आणि तिथं पालथी पडली. हात पुढं आले नाहीत, थेट तोंडावर पडली. मायाक्का मागून धावत आली. तिनं सुनेला उताणी केलं. नाकातून रक्त, तोंडात माती, डोळे वर.

मायाक्काला लिहिता-वाचता येत नाही, पण चाळीस वर्षं ती मेंढरांच्या पुढच्या पायामागं हात घालून त्यांची काळजं चाचपत आलेली. कुठलं मेंढरू ऊन लागून धापतंय, कुठलं आतून गेलंय, हे तिचा तळहात सांगतो. तोच हात तिनं पूनमच्या डाव्या छातीखाली घातला. लांडगा मागं लागलेल्या मेंढीचं काळीजही तिनं हातात धरलेलं होतं, पण हे तसंही नव्हतं. ते मोजता येत नव्हतं. एक ठोका दुसऱ्याच्या अंगावर पडत होता. मग मध्येच ते थांबल्यागत झालं. नंतर टक टक, नेहमीचं, शहाणं. पूनमनं डोळे उघडले आणि तोंडातली माती थुंकली.

धुळा आला आणि त्यानं आधी विचारलं, मेंढरं निघाली का तुरीतनं.

मायाक्कानं पदरानं पूनमचं तोंड पुसलं. तिला स्वतःचीच चीड आली होती. मेंढी लंगडली तर आपण चार पाय उचलून बघतो, आणि ही दीड महिना सांगत होती तर आपण हात लावून पाहिला नाही.

"माजं चुकलं, पोरी," ती म्हणाली. "म्या न्हाय खरं मानलं."

पूनमनं तिला त्या डॉक्टरचं सगळं सांगितलं. किती वेळ, काय करताना, आणि तिला काहीच सांगता आलं नाही ते. मोबाइलात घड्याळ होतं, पण धडधडायला लागलं की आकडे दिसायचे नाहीत. मायाक्काला घड्याळ कळायचं नाही. तिला लोकर कळायची. तिच्या कमरेला टकळी कायम असायची, ओच्यात लोकरीचे पेळू, आणि चालताना बोलताना हात कातत असायचा. तिच्या हाताला एक चाल होती. दोऱ्याला ना घाई ना ढिलाई, घोंगड्या विणणारा सणगरसुद्धा तिचंच सूत मागायचा.

दुसऱ्या दिवसापासून मायाक्का सुनेच्या मागं राहिली. पाण्याला गेली तर पाण्याला, रानात तर रानात. पूनमनं छातीवर हात ठेवला की ती कातायला सुरुवात करायची आणि पूनमनं मान हलवली की दोरा तोडायची. काम करताना धडधडलं तर काळी लोकर. बसल्या-निजल्या धडधडलं तर पांढरी. अंधारी येऊन तोल गेला तर तोडलेल्या दोऱ्याला गाठ. वाडीला नवाच तमाशा मिळाला. सासू सुनेवर पहारा ठेवते, म्हणाले. कोवळ्या पोरीगत सुनेच्या शेपटाला बांधली गेली म्हातारी, म्हणाले. ओच्यातले तुकडे धुळाला सापडले तेव्हा तो भडकला. घोंगडीची लोकर अशी तोडून नासवायची असेल तर मेंढरं कातरायची कशाला, असं त्यानं विचारलं. सूत तुझ्या बापाचं नाही, मी कातलेलं आहे, एवढंच मायाक्का बोलली.

बारा दिवसांत नऊ दोरे झाले. पाच पांढरे, आखूड. चार काळे, आणि त्यातल्या दोहोंना गाठ.

दिवाळीनंतरच्या सोमवारी कळप हलायचे ठरले होते. मायाक्का म्हणाली, आधी सोलापूरला मोठ्या दवाखान्यात दाखवू. एकदा वाट धरली की आठ महिने डॉक्टर कुठला? धुळानं मान झटकली. कागद नॉर्मल आलाय, आता काय सोलापूरच्या डॉक्टरला जास्त दिसतंय? चालायचं नसेल तर तिनं माहेरी जावं, तो म्हणाला, कायमचंच. हे तो पूनमसमोर म्हणाला. पूनम कोकरांना पाजत होती. तिनं मान वर न करता दुसरं कोकरू मांडीवर ओढलं.

बुधवारी पहाटे सासू-सुना आरोहीला शेजारी ठेवून एसटीनं सोलापूरला गेल्या. मायाक्का शहरात तिसऱ्यांदा येत होती. रांगेत उभं राहून कागद काढला, एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत गेल्या, चप्पल कुठं काढायची ते चुकलं म्हणून बोलणी खाल्ली. पुन्हा छातीची पट्टी निघाली. पट्टी काढणारा म्हणाला, "काही नाही यात, नॉर्मल आहे." पूनमचं तोंड एवढंसं झालं. तो शब्द तिला शिवीसारखा लागायला लागला होता.

आतल्या डॉक्टर बाईंचं नाव इंद्रायणी. वय तिशीचं, डोळे जागरणानं सुजलेले. त्यांनी पट्टी पाहिली आणि पेन उचललं. तेवढ्यात मायाक्कानं ओचा सोडला आणि टेबलावर नऊ दोरे मांडले.

"मेंढरू बसलेलं आसताना ते लंगडतंय का कसं कळंल, बाई?" ती म्हणाली. "उटलेलं बगाय पायजे. तवाचं हे हाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. काळे कुठले, पांढरे कुठले, गाठ कशाची, एकेक विचारलं. मग आजी, तुम्ही आत्ता कातून दाखवा, म्हणाल्या. मायाक्का उभी राहिली, टकळी सोडली, आणि डॉक्टर मनगटावरच्या घड्याळाकडं बघत बसल्या. बाहेरची रांग दारातून वाकून पाहायला लागली. मिनिटाला दोन हात दोरा. तीनदा कातवला, तिन्ही वेळा दोन हातच. डॉक्टरांनी मग टेबलावरचे दोरे हातानं मोजून कागदावर मिनिटं मांडली. सगळ्यात लांब काळा दोरा चौदा हात. सात मिनिटं. पांढऱ्यात गाठीचा एकही नाही.

"म्हणजे चक्कर येते ती फक्त काम करताना," त्या म्हणाल्या. मग पूनमकडं वळून त्यांनी विचारलं, "तुमच्या माहेरी कुणी तरुण माणूस अचानक गेलंय का?"

पूनमचा आवाज चढला. आयुष्यात ती कुणा शिकलेल्या माणसापुढं अशी बोलली नव्हती.

"गेलाय की. माजा भाऊ मायाप्पा. बावीस वर्साचा. पोलीस भरतीला पळताना मैदानात पडला तो उटलाच न्हाय. ह्येच्या आदी दोनदा पडला हुता. आमी म्हणलं ऊन लागलं आसंल, कांदा हुंगवला. त्या डागदरला मी सांगाय लागले तर त्यानं दुसऱ्याला हाक मारली. माज्या नवऱ्यानं त्येला खांदा दिलाय, त्येला तरी आटवाय नगं?"

डॉक्टरांनी तिला थांबवलं नाही. ती दमून गप्प झाल्यावर त्यांनी पाणी दिलं आणि समजावून सांगितलं. धडधड सगळ्यांना कधी ना कधी होते. भीतीनं, जागरणानं, चहानं, तंबाखूनं, तापानं, अंगात रक्त कमी असलं तरी होते. बसल्याजागी थोडं झालं आणि थांबलं, तर बहुतेकदा घाबरायचं कारण नसतं. वारंवार व्हायला लागलं तर सवडीनं का होईना दाखवावंच. पण धडधडताना चक्कर आली, छातीत दुखलं, दम लागला, पळताना किंवा ओझं उचलताना माणूस पडलं, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पट्टी नॉर्मल म्हणजे त्या घटकेपुरतं नॉर्मल, एवढंच. तुम्ही दोन महिने उशिरा आलात, पण आलात हे बरं केलंत, असं त्या म्हणाल्या. आले कशाला, आणलं ह्यांनी, असं म्हणून पूनमनं सासूकडं पाहिलं.

त्यांनी पूनमला ठेवून घेतलं. दिवसभर छातीला तारा चिकटवून एक डबी कमरेला बांधली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर सोबत उभ्या असताना तिला फिरत्या पट्ट्यावर चालवलं, आणि तिथं ते जनावर पुन्हा सुटलं, ह्या वेळेला सगळ्यांच्या समोर, यंत्राच्या पडद्यावर. पट्टा लगेच थांबवला, तिला आडवी केली. डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला होता. हृदयाच्या ठोक्यांचा हा आजार जन्मापासून असतो, त्यांनी सांगितलं. गोळी रोज घ्यायची, एक दिवसही चुकवायची नाही. पळायचं नाही, ओझं नाही, खोल पाण्यात उतरायचं नाही. आणि तो रक्तातून पुढं जातो, म्हणून माहेरच्या सगळ्यांना तपासायचं.

"मूलबाळ आहे?" त्यांनी विचारलं.

मायाक्काच्या हातातली टकळी खाली पडून पलंगाखाली गेली. ती उचलायला दोघींपैकी कुणी वाकलं नाही. पूनम हळू आवाजात म्हणाली की लेकीच्या छातीत ससा पळतो. डॉक्टर हसल्या नाहीत. गुरुवारी लहान मुलांचे हृदयाचे डॉक्टर येतात, तिला त्या दिवशी आणा, तोवर पळू देऊ नका, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं.

परत यायला रविवारची संध्याकाळ झाली. चार दिवसांत धुळा सोलापूरला आला नव्हता, मेंढरं कुणावर सोडायची म्हणून. आरोही शेजारणीच्या घरी भाकरी खाता खाता झोपून गेली होती. मायाक्का धुळाला आजाराचं सांगायला बसली. त्यानं अर्ध्यातच हात झाडला. गोळ्या दिल्यात ना, मग झालं, सकाळी निघायचं. शहरातले डॉक्टर घाबरवतातच. मायाक्का म्हणाली, मी आणि पूनम येणार नाही. आणि आरोहीचं, ती पुढं म्हणणार होती, पण तो उठून मेंढरांकडं गेला होता.

सकाळी सगळी वाडी हलायच्या गडबडीत होती. घरोघर बायका घोड्यांवर सामान बांधत होत्या. धुळा आपल्या घोडीपुढं उभा राहिला आणि त्याच्या लक्षात आलं की लग्नानंतरच्या चौदा वर्षांत त्यानं तिच्यावर एकदाही ओझं बांधलेलं नाही. त्यानं आधी भांडी टाकली, वर खाट, वर घोंगड्या. घोडी चार पावलं चालली आणि सगळा संसार तिच्या पोटाखाली गेला. लोक हसले. त्यानं पुन्हा बांधलं, पुन्हा ते कलंडलं, आणि आतल्या कोंबड्या ओरडायला लागल्या. त्याचा चुलता बिरुदेव, वाडीत वयानं मोठा, पुढं आला. पूनमला तेवढी दोरी आवळायला सांग, म्हणाला, दोरी आवळायला काय पळावं लागतंय?

पूनम उंबऱ्यावर बसली होती. सवयीनं तिचा हात गुडघ्यावर गेला आणि ती उठायला लागली. मायाक्कानं तिचा पदर धरला.

"बस," ती म्हणाली.

तेवढ्यात आरोही कुत्र्याच्या पिलामागं माळावर पळत सुटली. पूनम पदर ओढून घेत उभी राहिली आणि ओरडली, "आरोही, पळू नगंस! बस खाली, हाय तितंच बस!"

असं ओरडताना वाडीनं तिला कधी ऐकलं नव्हतं. पोरगी दचकून खाली बसली. घोड्यांजवळच्या बायकांचे हात थांबले. धुळा दोरी धरून वळला आणि म्हणाला, आता पोरीला पण काय झालं?

पूनम चालत त्याच्यापर्यंत गेली. घाई न करता, मोजून टाकल्यासारखी पावलं टाकत.

"ती म्हणाली हुती छातीत ससा पळतोय. तुमी हसला हुता," ती म्हणाली. "मायाप्पाला पण आसंच हसलो आमी."

धुळानं माळाकडं पाहिलं. लाल परकरातली पोर मातीत मांडी घालून बसली होती आणि आपलं काय चुकलं म्हणून इकडं बघत होती. मेहुण्याला आपण मैदानावरून उचलला होता, तेव्हा त्याचे बूट अजून गरम होते, हे त्याला आत्ता आठवलं. त्याच्या हातातली दोरी सुटली. खाट घसरून खाली आली, भांडी घरंगळली, आणि ती गोळा करायला कुणी पुढं झालं नाही.

मेंढरं त्या दिवशी बिरुदेवाच्या काठीमागं गेली. गुरुवारी सकाळी सोलापूरच्या एसटीत पूनम आणि मायाक्का एका बाकावर बसल्या होत्या, पुढच्या बाकावर धुळा, आणि त्याच्या मांडीवर आरोही. तिकीट काढताना कंडक्टरनं दोनदा हाक मारली तरी त्याला ऐकू गेली नाही. मेंढराच्या पुढच्या पायामागं घालतात तसा त्यानं आपला हात पोरीच्या डाव्या कुशीखाली घातला होता, आणि ओठ हलवत तो मोजत होता.